तेरवीच्या जेवणाची तक्रार

सुनयनाबाई तेलंगणात, आदिलाबादकडच्या बाजारहत्नूर मंडलातल्या एका गावात राहते. वय साठीच्या आसपास. रविवारी सकाळी ती पांढरं पातळ नेसते, नवऱ्याच्या मोटारसायकलवर मागे बसते आणि शेजारच्या गावातल्या प्रार्थनाघरात जाते. नवरा महिपत तिला दाराशी सोडतो आणि स्वतः बाहेर कडुनिंबाच्या पारावर बसून राहतो. आत गाणी, प्रार्थना, उपदेश होतो. सगळं संपलं की तो तिला घेऊन परत येतो. पूर्वी त्याच्याकडे सायकल होती, तेव्हाही हेच चालायचं. महिपत ख्रिस्ती नाही. त्याच्या घरात, भावकीत, गावात दुसरं कुणीच ख्रिस्ती नाही.

सुनयना लग्न होऊन आली तेव्हा तीही नव्हती. माहेर किनवटकडचं, सासरसारखंच कापूस-ज्वारीचं. तिला दोन मुलं झाली आणि दोन्ही जगली नाहीत. दुसऱ्या वेळेनंतर ती उंबऱ्यावर बसून राहायला लागली. जेवण पुढे ठेवलं तर जेवायची, नाही ठेवलं तर मागायची नाही. महिपतच्या भावांनी त्याला दुसरी बायको करायला सुचवलं. तो नाही म्हणाला. त्याच्या आईने, चंद्रभागाबाईने, थोरल्या मुलाला सांगून टाकलं की हा विषय माझ्या घरात पुन्हा काढायचा नाही.

त्या सुमारास शेजारच्या गावात एक तेलुगू पास्टर आला होता. लोक त्याला अय्यगारू म्हणत आणि त्याच्या बायकोला अम्मागारू. अम्मागारूला मराठी धड येत नव्हतं. कुणाकडून तरी ऐकून ती एकदा सुनयनाच्या दारी आली, जवळ बसली, गुंता झालेल्या केसांना तेल लावून विंचरत राहिली. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा आली. असं बरेच दिवस चाललं. एके दिवशी सुनयना आपण होऊन तिच्याबरोबर प्रार्थनेला गेली. चंद्रभागाबाई म्हणाली, जाऊ द्या, चालती तर झाली.

पुढच्या उन्हाळ्यात सुनयनाने बाप्तिस्मा घ्यायचं ठरवलं. प्रार्थनाघराच्या त्या मंडळीत बाया दागिना घालत नसत, कुंकू लावत नसत, देवाचा प्रसाद खात नसत, रविवारी शेतात जात नसत. अय्यगारूने तिला सांगितलं होतं की घरी विचार, नवऱ्याला समजाव, घाई करू नको. तिने विचारलं नाही. नाल्याच्या डोहात बाप्तिस्मा झाला त्याच दिवशी तिने बांगड्या उतरवल्या, कुंकू पुसलं आणि गळ्यातलं मंगळसूत्र काढलं.

संध्याकाळी महिपत शेतातून आला. त्याने बैल बांधले, हातपाय धुतले आणि मग त्याचं तिच्या गळ्याकडे लक्ष गेलं. थोडा वेळ तो तसाच उभा राहिला.

"मी जिता हाव ना अजून?" तो म्हणाला.

सुनयनाने त्याला सांगितलं की देवापुढे सोन्याची गरज नसते. तो जेवायला बसला. गावातल्या बाया म्हणाल्या, आता हा माणूस वर्ष काढत नाही. त्याने वर्ष काढलं, नंतरचीही काढली. बाप्तिस्म्यानंतरच्या रविवारपासून तो तिला सायकलवर बसवून प्रार्थनाघरी नेऊ लागला. पारावर बसणाऱ्या माणसाची लोकांनी पुष्कळ थट्टा केली. काही वर्षांनी थट्टा करणारेच कंटाळले.

सुनयनाला नियम आवडू लागले. यात नवल नव्हतं. मुलं गेल्यावर तिच्या दिवसांना आकार उरला नव्हता. आता शुक्रवारचा उपास शुक्रवारी येत होता, रविवार रविवारी. नियम पाळायचा म्हटलं की पाळता येत होता, तो हातातून निसटत नव्हता. पुढे अम्मागारू वारली आणि बायांच्या मंडळाची जबाबदारी सुनयनाबाईकडे आली. ती पुढच्या चटईवर बसू लागली. कोण उशिरा आलं, कुणाच्या पोरीने फुलं माळली, कोण जत्रेत दिसलं, हे तिच्या नजरेतून सुटत नसे. तिच्याइतकी बायबलची वचनं अय्यगारूलाही पाठ नसतील असं लोक म्हणत.

मंडळीत वृषाली नावाची एक तरुण शिक्षिका होती. तिचं घराणं आजोबापासून ख्रिस्ती. ती शाळेत जाताना बारीक टिकली लावायची. एका रविवारी ती तशीच प्रार्थनेला आली, काढायची विसरली. प्रभुभोजनाची, प्रभूच्या नावाने भाकर वाटायची वेळ झाली तेव्हा सुनयनाबाई उठून उभी राहिली आणि सगळ्यांसमोर म्हणाली की कपाळावर खूण असलेल्या बाईच्या हातावर भाकर देऊ नये. अय्यगारू तोवर म्हातारा झाला होता, त्याला वाद नको होता. भाकरीचं ताट पुढे सरकलं. वृषालीने हात पुढे केला होता, तो तिने मागे घेतला. त्यानंतर ती त्या प्रार्थनाघरात आली नाही. सुनयनाबाईला त्याचं वाईट वाटलं नाही. तिच्या मते मंडळी स्वच्छ झाली होती.

अय्यगारू थकला आणि करीमनगरला मुलाकडे राहायला गेला. त्याच्या जागी आदिलाबादहून विनय आला. तिशीतला, मराठी बोलणारा, अंगाने किरकोळ. पहिल्या रविवारी उपदेश संपल्यावर त्याने विचारलं, बाहेर बसलेले कोण आहेत. कुणीतरी सांगितलं, ते आपले नाहीत, सुनयनाबाईचे यजमान आहेत. विनय बाहेर गेला आणि महिपतशेजारी पारावर बसला. पुढच्या रविवारी त्याने आतून चहा नेला. मग ते नेहमीचंच झालं. उपदेश संपला की पास्टर पारावर. बोलणं कापसाचं, बोंडअळीचं, बैलाच्या खुराचं, क्वचित महिपतच्या आईच्या दुखण्याचं.

सुनयनाबाईला हे खटकलं. मंडळीतले लोक ताटकळतात आणि पास्टर बाहेरच्या माणसाशी शेतीच्या गप्पा मारतो. तिने त्याला विचारलं की इतक्या दिवसांत तुम्ही त्यांना प्रभूबद्दल एक शब्द तरी सांगितला का.

"अजून त्यांचंच ऐकून झालं नाही, बाई," विनय म्हणाला.

तिने ते मनात ठेवलं.

चंद्रभागाबाई त्या वर्षी अंथरुणाला खिळली. तिचं सगळं सुनयनाबाईनेच केलं. थोरली जाऊ मथुराबाई शेजारीच राहत होती, पण म्हातारीला दुसऱ्याचा हात चालत नसे. पेज भरवायची तर सुनयना, कुशीवर वळवायचं तर सुनयना. पाठीला जखम होऊ नये म्हणून ती दिवसातून कितीदा तरी तिला वळवायची, पावडर लावायची. म्हातारी तिला कधी सुनबाई म्हणायची, कधी माय म्हणायची. यात सुनयनाबाईने कधी कुचराई केली नाही, हे मथुराबाई आजही सांगते.

कापसाची पहिली वेचणी सुरू होती, तेव्हा एका सकाळी म्हातारीचा श्वास बदलला. भावकी जमली. थोरल्याने तुळशीचं पान आणि गंगेच्या पाण्याची कुपी आणली. म्हातारीचं डोकं सुनयनाबाईच्या मांडीवर होतं. सगळे म्हणाले, तुझ्या हातानंच दे, तिला तेच आवडेल. सुनयनाबाईने म्हातारीचं डोकं हळूच उचलून मथुराबाईच्या मांडीवर दिलं आणि ती उठून परसात गेली. तिथे ती गुडघे टेकून प्रार्थना करत राहिली. आतून रडण्याचा आवाज आला तेव्हा तिला कळलं.

मथुराबाईने नंतर तिला सांगितलं, "बुढीचे डोये शेवटपर्यंत दाराकडंच होते."

महिपत तिथेच होता, त्यानेही ऐकलं. त्याने तोंड फिरवलं आणि तिरडीसाठी बांबू आणायला गेला.

विनयला कळलं तसा तो आला. त्याने तिरडीला खांदा दिला. स्मशानात तो महिपतच्या मागे उभा राहिला. तेरवीच्या दिवशी पुन्हा आला. त्या दिवसाचा स्वयंपाक सुनयनाबाईने केला नाही. पितरांना नैवेद्य निघणार, त्या चुलीला हात लावायचा नाही, असं तिने आदल्या दिवशीच सांगितलं होतं. ती परसात उपास करून बसली. मांडवात पंगत बसली तेव्हा महिपत एका टोकाला पत्रावळीपुढे बसला होता आणि त्याच्या शेजारी कुणी नव्हतं. विनय जाऊन तिथे बसला. वाढलेलं वरण, भात, वांग्याची भाजी, बुंदी, सगळं जेवला.

परसातून मांडव दिसत होता. सुनयनाबाईने ते पाहिलं.

आठवडाभर तिने वाट पाहिली की विनय रविवारी चूक कबूल करेल. त्याने केली नाही. तेव्हा तिने आदिलाबादच्या मुख्य मंडळीतल्या वडिलांना, म्हणजे तिथल्या जाणत्या कारभाऱ्यांना, फोन लावला. तुमच्या पास्टरने नैवेद्याचं अन्न खाल्लं, आता आम्ही पोरींना काय शिकवायचं, असं तिने विचारलं.

पंधरवड्याने तिघे वडील चौकशीला आले. खुर्च्या मांडल्या गेल्या. सुनयनाबाईने आपलं म्हणणं सांगितलं, शास्त्रातले आधार दिले. एकही आधार चुकीचा नव्हता. वडिलांनी विनयला विचारलं, तुम्ही जेवलात का. तो हो म्हणाला. ते अन्न कशाचं होतं हे माहीत होतं का. तो हो म्हणाला. मग काऊन जेवलात, असं त्यांच्यातल्या सर्वांत म्हाताऱ्याने विचारलं.

"त्यांची आई गेली होती आणि ते एकटेच जेवायला बसले होते," विनय म्हणाला. "मला दुसरं काही सुचलं नाही. प्रभू तिथे असता तर परसात उभा राहिला असता असं मला वाटत नाही."

परसात कोण होतं हे त्याला माहीत नसावं. सुनयनाबाईने तरी तसंच समजून घेतलं.

पश्चात्ताप आहे का, असं विचारल्यावर तो म्हणाला की कुणाचं मन दुखावलं त्याचा आहे, जेवल्याचा नाही. वडील वाईट लोक नव्हते. त्यांनी त्याला बाजूला घेऊन समजावलं, की खेड्यातल्या, विश्वासाने दुबळ्या माणसांना अशाने ठेच लागते. पण उत्तर तेच आलं, आणि मंडळीत दुफळी नको म्हणून त्यांनी त्याची बदली मुधोळकडे केली. महिनाभरात तो गेला. जाण्याआधी महिपतच्या घरी आला तेव्हा सुनयनाबाई घरात होती, पण समोर आली नाही. दोघे ओट्यावर बसून बोलले. तिने आतून चहा पाठवला.

नवा पास्टर येईपर्यंत आदिलाबादहून कुणीतरी येऊन उपदेश करायचा. सगळं पूर्वीसारखं शिस्तीत सुरू झालं. सुनयनाबाईला वाटलं होतं की आता जिवाला शांत वाटेल. तसं काही वाटेना. एका रविवारी प्रभुभोजनानंतर ती बाहेर आली तर महिपत पारावर बसला होता. दाराचा आवाज ऐकून तो न बघताच थोडा सरकला, शेजारी जागा केली. मग त्याने वर पाहिलं, ती दिसली, तसा तो उठला आणि गाडीची किल्ली शोधू लागला.

ती जागा तिच्यासाठी नव्हती, हे तिला कळलं.

परतीच्या रस्त्यावर नाला लागतो. तिने गाडी थांबवायला सांगितली. पाणी कमी होतं, धोंडे उघडे पडले होते. ती एका धोंड्यावर बसली. महिपत जरा अंतरावर उभा राहिला. त्याला वाटलं, गुडघा दुखत असेल.

"इतके वर्ष तुमी मले काऊन आणून सोडता?" तिने विचारलं. "तुमाले तर इथं काईच नाई."

"तुले तेवढं चालवत नाई ना," महिपत म्हणाला.

"पयले तर चालवत होतं."

तो म्हणाला की बाप्तिस्म्यानंतर पहिल्या रविवारी तू एकटीच निघाली होती, अन् अंधार पडायच्या आत परत येशील की नाही याचा मला घोर लागला होता. म्हणून आलो. मग येतच राहिलो.

तिने विचारलं, गळ्यातलं काढलं त्या दिवशी तुम्हाला काय वाटलं. तिने हा प्रश्न आजवर विचारला नव्हता. तिला तो पडलाही नव्हता.

महिपत खाली बसला. गवताच्या काड्या उपटू लागला.

"मले वाटलं, तुले देव भेटला अन् मी सरलो," तो म्हणाला. "पण तू जेवून राह्यली होती, झोपून राह्यली होती. म्हनलं, चालते."

सुनयनाबाई पाण्याकडे पाहत बसली. बऱ्याच वेळाने ती म्हणाली की माय जात होती तेव्हा मी तिच्याजवळून उठायला नको होतं. महिपत म्हणाला, "हो." तेवढंच. त्याने तिची समजूत काढली नाही आणि तिला दोषही दिला नाही. त्याच्या त्या एका शब्दाने तिला जितकं रडू आलं तितकं ती मुलं गेल्यावरही रडली नव्हती, असं तिने पुढे मथुराबाईला सांगितलं. उन्हं चढली तेव्हा दोघे घरी आले.

पुढच्या रविवारी ती आत गेली, पहिली दोन गाणी म्हणाली आणि उठून बाहेर आली. महिपतशेजारी पारावर बसली. उपदेश, प्रभुभोजन, सगळं आत झालं, ती बाहेरच होती. आदिलाबादहून आलेल्या वडिलांनी नंतर विचारलं, काय झालं, बरं नाही का.

"त्यायच्याजोळ कोनी नव्हतं," ती म्हणाली.

तसं तिने नेहमी केलं नाही. ती पुन्हा आत बसू लागली, पण मागच्या चटईवर, आणि प्रार्थना संपली की सगळ्यांच्या आधी बाहेर पडायची. चंद्रभागाबाईची बरसी, वर्षाचं श्राद्ध आलं तेव्हा तिने पहाटेपासून सगळा स्वयंपाक केला. नैवेद्याचं पान काढायची वेळ आली, तेव्हा तिने पळी मथुराबाईच्या हातात दिली. बाकी सगळ्यांना स्वतः वाढलं आणि बायांच्या पंगतीत बसून जेवली. ही गोष्ट मंडळीत पोचायला दोन दिवसही लागले नाहीत. बायांनी तिला जाब विचारला. त्यातल्या काहींना तिनेच एकेकाळी जाब विचारायला शिकवलं होतं. तिने वचनांचा आधार दिला नाही, जेवले म्हणाली. बायांचं मंडळ तिच्याकडून काढून घेण्यात आलं. तिने ते वाद न घालता सोडलं.

मग तिने मुधोळला विनयला फोन केला. माझ्यामुळे तुमची बदली झाली, असं म्हणाली. विनय म्हणाला, झाली खरी, आणि मला तेव्हा रागही आला होता. आता नाही. मग त्याने विचारलं, महिपतराव आहेत का जवळ. तिने फोन नवऱ्याला दिला. दोघे सोयाबीनच्या भावाबद्दल आणि पावसाबद्दल इतका वेळ बोलत राहिले की शेवटी फोन बंद पडला.

वृषालीकडे जायला तिला जास्त धीर लागला. वृषाली आता बाजारहत्नूरला राहत होती. सुनयनाबाई एकटीच आटोने गेली. वृषालीने तिला आत बोलावलं, चहा केला. सुनयनाबाई म्हणाली की मी तुझ्या हातातून भाकर काढून घेतली, ती माझी नव्हती. वृषालीने आपला कप खाली ठेवला.

"मी तुम्हाला माफ केलंय, काकू," ती म्हणाली. "पण तिथे परत यायला मला जमणार नाही. मागे घेतलेला तो माझा हात मला अजून दिसतो."

सुनयनाबाईने मान हलवली. चहा पिऊन ती निघाली. वृषाली तिला आटोपर्यंत सोडायला आली. त्यानंतर त्या दोघी बाजारात भेटल्या तर बोलतात, त्यापुढे काही नाही.

सुनयनाबाई अजून शुक्रवारचा उपास करते. दागिना घालत नाही, प्रसाद घेत नाही, रविवारी शेतात जात नाही. दुसऱ्या कुणाच्या कपाळाकडे ती पाहत नाही, निदान बोलून दाखवत नाही. मंडळीतल्या काहींच्या मते ती थंडावली आहे. नव्या पास्टरच्या मनात तिच्याबद्दल आदर आहे आणि थोडी धास्तीही.

मागच्या हिवाळ्यात महिपतच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला, म्हणून त्याला आदिलाबादला दवाखान्यात नेलं. ऑपरेशन झालं तो शनिवार होता, म्हणून रविवारी दोघे तिथेच होते. त्याच्या डोळ्यावर पट्टी होती. सुनयनाबाई खाटेजवळ स्टुलावर बसून संत्रं सोलत होती. महिपत पडल्या पडल्या काहीतरी गुणगुणू लागला. तिने कान दिला. ते प्रार्थनाघरातलं तेलुगू गाणं होतं, बाहेर पारावर बसून इतकी वर्षं ऐकलेलं. चाल बरोबर होती. शब्द बहुतेक चुकीचे होते. त्याला तेलुगू बाजारापुरतंच येत होतं आणि जिथे शब्द कळला नव्हता तिथे त्याने आपल्या मनाचा घातला होता. एके ठिकाणी देवाच्या नावाऐवजी चक्क ज्वारीचं तेलुगू नाव होतं.

तिने तेवढा एक शब्द दुरुस्त करून सांगितला. त्याने तो दोनदा म्हणून पाहिला. बाकीचे शब्द तिने तसेच राहू दिले आणि संत्र्याच्या फोडी त्याच्या हातावर ठेवल्या.